‘गिऱ्हाईक खूश ठेवा, नफा आपोआप येईल’: या ‘आपोआप’चं काय करायचं?

छोट्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. ग्राहक हा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, असं गांधीजी सांगून गेले. नवा ग्राहक मिळवायला जुना टिकवण्याच्या पाचपट खर्च येतो. फक्त ५ टक्के ग्राहक जास्त टिकवले तर नफा २५ ते ९५ टक्क्यांनी वाढतो. ८६ टक्के लोक चांगल्या अनुभवासाठी जादा पैसे मोजायला तयार असतात. हे सगळं ‘आमची शिफारस कराल का, दहापैकी किती गुण?’ या एका प्रश्नानं मोजता येतं. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ग्राहक खूश ठेवा, नफा आपोआप येईल.

गिऱ्हाइकाशी नीट वागा, यावर कुणाचा वाद असणार? माझा वाद त्या ‘आपोआप’शी आहे. पण तो शब्द ज्या विधानांच्या खांद्यावर बसून येतो, ती आधी एकेक करून पाहू.

गांधीजींचं वाक्य

ही पाटी एके काळी बँकांत आणि पोस्टांत सर्रास दिसायची. सोबत कधी कधी तपशीलही असतो: १८९०, दक्षिण आफ्रिकेतलं भाषण. १८९० साली गांधीजी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. डरबनला ते पोचले मे १८९३ मध्ये. या वाक्यांशी जवळपास जुळणारा मजकूर १९४१ साली अमेरिकेत सापडतो, स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्री-उपाध्यक्ष केनेथ एलियट यांच्या नावावर. म्हणजे मोटारी विकणाऱ्याचं वाक्य आपण महात्म्याच्या तसबिरीखाली लावून ठेवलं.

कुणाचंही असो, वाक्य खरं आहे ना? असेल. पण त्यात कोणता ग्राहक, कोणतं वचन, त्याचा खर्च कोण उचलणार, यातलं काहीच नाही. म्हणून तर ही पाटी भिंतीवर असतानाच खालच्या खिडकीत ‘जेवणाची वेळ’ ही दुसरी पाटी निवांत लटकू शकायची.

५ टक्के आणि ९५ टक्के

मजकुरातलं हे सगळ्यात वजनदार विधान, आणि सगळ्यात चुकीचं वाचलेलंही. त्याचं मूळ व्यवस्थापन-सल्लागार फ्रेडरिक रायकेल्ड आणि प्राध्यापक अर्ल सॅसर यांच्या १९९० सालच्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या लेखात आहे. तिथे व्यवसायागणिक नफावाढीचे वेगळे आकडे दिले होते: बँकशाखेतल्या ठेवींना ८५ टक्के, क्रेडिट कार्डांना ७५, मोटार-दुरुस्तीच्या साखळीला ३०. ‘९५’ नंतर आला आणि ‘२५ ते ९५’ अशी जोडगोळी होऊन फिरू लागला.

पण त्यातले ते ‘फक्त ५ टक्के’ म्हणजे काय? शंभरातली दहा गिऱ्हाइकं दरवर्षी सोडून जात असतील तर एक गिऱ्हाईक सरासरी १० वर्षं टिकतं. ही गळती पाचवर आणली की तेच सरासरी २० वर्षं टिकतं. म्हणजे ९० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर जाणं ही किरकोळ सुधारणा नव्हे. सोडून जाणाऱ्यांची संख्या निम्मी करणं आहे. ज्यानं कधी धंद्यात गळती निम्मी करून पाहिली असेल, त्याला ‘फक्त’ हा शब्द हसू आणेल. शिवाय तिथे मोजला होता तो एका गिऱ्हाइकाकडून त्याच्या पूर्ण काळात, म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांत, मिळणारा नफा, आजच्या पैशांत मांडलेला. वर्षअखेरीला नफा-तोटा पत्रकात दिसणारा नफा वेगळा. आणि गळती निम्मी करायला जो खर्च येईल, तो फॉरवर्डमध्ये कुणीच धरत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या किराणा दुकानदाराला कुणी शिकवायची गरज नाही. त्याचं सर्वांत निष्ठावान गिऱ्हाईक उधारीच्या वहीत असतं. ते कुठेही जात नाही, कारण दुसरीकडे त्याला उधार मिळत नाही. टिकलेलं गिऱ्हाईक आणि फायद्याचं गिऱ्हाईक ही दोन वेगळी माणसं असू शकतात. वर्नर राइनार्ट्झ आणि व्ही. कुमार या मार्केटिंगच्या अभ्यासकांनी चार कंपन्यांच्या ग्राहकांचे व्यवहार तपासून २००२ मध्ये हेच मांडलं: निष्ठा आणि नफा यांचं नातं समजतात त्यापेक्षा बरंच सैल आहे. जुनं गिऱ्हाईक हक्कानं सवलत मागतं, जास्त वेळ घेतं, आणि ‘आम्ही तुमच्याकडे किती वर्षांपासून येतो’ हे वाक्य बिल देतानाच काढतं.

पाचपट खर्च

कुठल्या धंद्यात? लग्नाचा मंडप घालणाऱ्याकडे तेच जोडपं पुन्हा येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. त्याचं सगळं लक्ष मांडवात जेवायला आलेल्या पाहुण्यांवर हवं. पुढे जाऊ.

८६ टक्के जादा पैसे द्यायला तयार

हा आकडा २०११ च्या एका अमेरिकी पाहणीतला. ‘चांगल्या अनुभवासाठी जास्त पैसे द्याल का?’ असं विचारलं की माणूस हो म्हणतो. खरेदी करताना तोच माणूस काय करतो, ते आपल्याकडे विमान कंपन्यांनी दाखवून दिलं.

किंगफिशर मे २००५ मध्ये सुरू झाली. खुर्चीमागे टीव्हीचा पडदा, गरम जेवण, प्रवाशाला ‘पाहुणा’ म्हणायची पद्धत, परदेशी मानांकनाचे पाच तारे. एकाही आर्थिक वर्षात नफा नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमानं जमिनीवर. केवळ आदरातिथ्यानं ती बुडाली असं म्हणणं अन्यायाचं होईल. एअर डेक्कन विकत घेण्याचा निर्णय, इंधनाचे भाव, कर्जाचा डोंगर, सगळंच होतं. पण प्रवासी खूश होते आणि पगार थकले होते, हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

इंडिगो ऑगस्ट २००६ मध्ये आली. सुरुवातीला ताफ्यात एकाच जातीची विमानं, खाणं विकत, आणि वचन इतकंच: स्वस्तात, वेळेवर. २०१२ मध्येच ती देशांतर्गत वाहतुकीत सर्वांत मोठी झाली होती. तिच्याकडेही ग्राहक-अनुभवाचं धोरण होतं, फक्त ते विमान लवकरात लवकर पुन्हा हवेत नेण्याच्या उद्दिष्टाला घट्ट बांधलेलं होतं. वेळेवर उडणं प्रवाशालाही हवं आणि कंपनीलाही, कारण उभं विमान कमाई करत नाही. हीच गाठ उलटी कशी सुटते तेही तिनंच दाखवलं. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम लागू झाले, तेवढी माणसं हाताशी नव्हती, आणि डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात उड्डाणं हजारोंनी रद्द झाली. खर्चाची काटकसर करता करता विकायचा मालच हातातून गेला.

डी-मार्टचं उदाहरण तर घरचंच. राधाकिशन दमाणींनी पवईत २००२ मध्ये पहिलं दुकान काढलं. तिथे कुणी हसून स्वागत करत नाही, महिन्याच्या पहिल्या शनिवारी बिलाची रांग बघून घरी परतावंसं वाटतं. पण दुकानाच्या जागा शक्यतो स्वतःच्या मालकीच्या, पुरवठादाराला पैसे लवकर, त्याबदल्यात खरेदीचा भाव कमी, आणि तो फायदा पाकिटावरच्या किमतीत. रांगेत उभ्या असलेल्या गृहिणीला आपण काय देतोय आणि काय घेतोय हे पक्कं माहीत असतं. जादा पैसे देऊन मिळणारी सेवा तिला नको आहे. थोडा त्रास सोसून वाचणारे पैसे हवे आहेत. ८६ टक्क्यांत तिला कुठे बसवणार?

एका प्रश्नात सगळं मोजता येतं

शिफारशीचा हा प्रश्न रायकेल्ड यांनीच २००३ मध्ये आणला. नऊ-दहा गुण देणाऱ्यांच्या टक्केवारीतून शून्य ते सहा देणाऱ्यांची टक्केवारी वजा करायची. वाढीचं भाकीत करणारा सर्वोत्तम आकडा म्हणून तो जगभर विकला गेला. २००७ मध्ये टिमथी कीनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतल्या ग्राहक-पाहणीच्या आकड्यांवर तो तपासला. इतर मोजमापांपेक्षा तो सरस असल्याचं त्यांना दिसलं नाही.

पण खरी गंमत अभ्यासात नाही, सर्व्हिस सेंटरमध्ये आहे. गाडी ताब्यात देताना सल्लागार हळूच म्हणतो, ‘सर, कंपनीतून फोन येईल, तेवढं दहापैकी दहा सांगा, नऊ दिले तरी आमचं इन्सेन्टिव्ह जातं.’ गाडीचा आवाज तसाच आहे. आपण दहा देतो, कारण पोराचे पैसे कापले जावेत असं वाटत नाही. वर मुख्यालयात तक्ता हिरवागार. ‘आम्ही ग्राहक-अनुभव व्यवसायाच्या उद्दिष्टांशी जोडला’ असं सादरीकरणात म्हणतात, ते बऱ्याचदा हेच असतं: पगाराला आकडा जोडलेला.

याचं टोक म्हणजे अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक. ग्राहकाशी नातं किती घट्ट, ते त्याच्याकडे बँकेची किती उत्पादनं आहेत यावरून मोजायचं ठरलं. लक्ष्य होतं घरटी आठ. कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारता त्यांच्या नावे लाखो खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये साडेअठरा कोटी डॉलरचा दंड, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारशी ३०० कोटी डॉलरची तडजोड. कागदावर ‘नातं’ घट्ट होत गेलं, तेव्हा ग्राहकाला त्या नात्याची कल्पनाही नव्हती.

आणि आता ते ‘आपोआप’

मजकुराच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की गिऱ्हाइकाची सोय आणि धंद्याचा फायदा एकाच दोरीत येऊ शकतात. पण ती दोरी कुणीतरी वळावी लागते. आपल्याकडच्या कुठल्याही बाजारपेठेतल्या दुकानदाराला ठाऊक असलेलं उदाहरण: पिग्मी. उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटनं, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेनं, १९२८ मध्ये ही ठेव सुरू केली. एजंट रोज दारात येणार, दोन आण्यांपासून पैसे घेणार. बँकेला हव्या होत्या ठेवी, आणि पैसा होता हातावर पोट असलेल्या लोकांकडे. त्यांना बँकेत यायला वेळ नव्हता आणि थोडं बिचकायलाही व्हायचं. म्हणून बँक त्यांच्याकडे गेली.

यात सगळ्या बाजू जुळवलेल्या आहेत. एजंटाची कमाई जमा रकमेच्या कमिशनवर, म्हणून तो पावसातही येतो. ते कमिशन कुठून निघतं? पिग्मीवरचं व्याज मुदत ठेवीपेक्षा कमी असतं. पानाच्या टपरीवाल्याला हे कळत नाही असं समजू नका. त्याला पुरतं कळतं. गल्ल्यातले पैसे संध्याकाळपर्यंत इकडे तिकडे होण्याआधी कुणीतरी येऊन घेऊन जातं, याची किंमत तो कमी व्याजाच्या रूपानं राजीखुशीनं मोजतो. आजही पतसंस्था यावर चालतात. तिथे कुणी दहापैकी गुण विचारत नाही, कारण उद्या तो पैसे देतो की नाही, हेच उत्तर असतं.

ज्यांना हा मजकूर पुढे पाठवण्याऐवजी काही करायचं आहे, त्यांनी गेल्या तीन महिन्यांच्या तक्रारी काढाव्यात आणि प्रत्येकीपुढे रुपये लिहावेत: किती माल परत आला, किती फेऱ्या फुकट गेल्या, ‘माझं पार्सल कुठे आहे’ विचारणारे फोन घ्यायला किती पगार गेला, कुणी उरलेली ऑर्डर रद्द केली. बहुतेक तक्रारींपुढे फार मोठी रक्कम येणार नाही. दोन-तीन ठिकाणी मात्र येईल, आणि दुरुस्ती तिथून सुरू करता येईल. बाकीच्यांना सौजन्यानं ‘नाही’ म्हणायचं की थोडे जादा पैसे लावायचे, हे यंदा ठेवी हव्यात, नवी गावं हवीत की रोकड हवी, त्यावर ठरेल. तेवढं ठरवायला मालकाला आणि हिशेबनिसाला एका टेबलाशी बसावं लागतं.