चाळीस मिनिटं बोललात, एक प्रश्न नाही घेतलात

काल पुन्हा तेच झालं आणि माझा संताप अजून उतरलेला नाही. जनसंपर्काचं काम करणाऱ्यांसाठी महिन्यातून एकदा होणारा लंच टॉक. नोंदणीची रांग, गळ्यात नावाचं कार्ड, गोल टेबलं. जेवण वाढायला सुरुवात झाली त्याच क्षणी वक्त्यानेही तोंड उघडलं. मागच्या टेबलांवर अर्धं भाषण चमच्यांच्या आवाजात गेलं. निम्म्या लोकांची पाठ वक्त्याकडे, कारण गोल टेबलाला बसलं की तसंच होतं. मान वळवून ऐकायचं की जेवायचं, यातलं काहीच धड होत नाही. शेवटी पाच मिनिटं उरली तेव्हा सूत्रसंचालक माइकवर येऊन म्हणाले, ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत, वक्ते बाहेर भेटतीलच.’ वक्ते बाहेर भेटले नाहीत. त्यांना विमान गाठायचं होतं.

हे मी इतकी वर्षं सहन करत आलोय. पण मला खरंच कुणीतरी सांगा, आपण तिथे जमतो कशासाठी?

आपलं काम किती एकट्याने करायचं काम आहे हे बाहेरच्याला कळत नाही. हिशेब खात्यात दहा माणसं असतात, एकाला अडलं तर शेजारच्याला विचारता येतं. जनसंपर्काला बहुतेक ठिकाणी एक माणूस, फार तर दोन. रात्री अकराला बातमीदाराचा फोन येतो, ‘तुमच्या साइटवर काय झालंय? वीस मिनिटांत बातमी लावतोय.’ साहेब फोन उचलत नाहीत. वकील म्हणतो एक शब्द बोलू नका. साइटवरचा मॅनेजर घाबरून अर्धवट सांगतो. घरच्यांशी बोलता येत नाही, कारण गोष्ट बाहेर फुटता कामा नये. अशा वेळी काय करायचं, हे ज्यांनी अनुभवलंय अशी शंभर-सव्वाशे माणसं महिन्यातून फक्त एकदा एका छताखाली येतात. एक तास. आणि तो तास तुम्ही अशा भाषणावर घालवता जे आम्हा प्रत्येकाला पाठ आहे!

टायलेनॉल. अजून किती वर्षं टायलेनॉल? १९८२ साली अमेरिकेत शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं, सात माणसं गेली, ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, मोठं नुकसान सोसलं आणि लोकांचा विश्वास परत मिळवला. बस. एवढंच. दर वेळी कुणीतरी हीच गोष्ट उगाळतो, शेवटी ‘ग्राहक सर्वप्रथम’ असं मोठ्या अक्षरांत पडद्यावर येतं आणि टाळ्या.

अहो, त्या प्रकरणात आपल्याला शिकण्यासारखं जे आहे ते तर तुम्ही सांगतच नाही! पहिले मृत्यू २९ सप्टेंबरला झाले. देशभरातून माल परत मागवायचं ठरलं ५ ऑक्टोबरला. मधल्या सहा दिवसांबद्दल बोला ना. सुरुवातीला कंपनीच्या जनसंपर्क विभागाने पत्रकारांना सांगितलं होतं की आमच्या कारखान्यात सायनाइड नसतंच. मग कळलं की चाचण्यांच्या प्रयोगशाळेत थोडं असतं. दिलेली माहिती चुकीची निघाली आणि ती दुरुस्त करावी लागली. आपल्या कामातली सगळ्यात कठीण घडी हीच असते. आतल्या माणसावर विसंबून तुम्ही जगाला एक गोष्ट सांगितली आणि ती खोटी ठरली. आता आधी कुणाला फोन करायचा? वरिष्ठांना काय म्हणायचं? ते म्हणाले ‘गप्प बसा, कुणाच्या लक्षात येणार नाही’, तर काय उत्तर द्यायचं? या एका मुद्द्यावर चाळीस मिनिटं बोलला असतात तर मी जेवण बाजूला सारून वहीत लिहून घेतलं असतं.

आयव्ही ली या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या जनसंपर्कवाल्याचंही तेच करतात. १९०६ साली अटलांटिक सिटीत रेल्वे अपघात झाला तेव्हा त्याने पेनसिल्व्हेनिया रेल्वेला माहिती दडपू दिली नाही, आपणहून वृत्तपत्रांना निवेदन दिलं, बातमीदारांना अपघाताच्या जागी नेलं. त्याच वर्षी त्याने आपलं तत्त्वांचं जाहीर निवेदनही काढलं. मान्य, मोठं काम आहे. पण १९१४ चं काय? कोलोरॅडोत लडलोला संपावरच्या खाण कामगारांच्या तंबूवस्तीवर हल्ला झाला, बायका-मुलं मेली. त्यानंतर त्या खाण कंपनीत मोठा वाटा असलेल्या रॉकफेलरांच्या बाजूने पत्रकं काढणारा हाच आयव्ही ली होता. त्या पत्रकांत संपाच्या पुढाऱ्यांच्या पगाराचे आकडे चुकीचे छापले गेले. पुढे चौकशी आयोगासमोर त्यानेच कबूल केलं की खाणमालकांनी दिलेली माहिती आपण तपासून पाहिली नव्हती. उघडपणे, खरी माहिती देऊ असं लिहून देणारा माणूस आठ वर्षांत तिथे पोचला! कसा पोचला, हे आपण एकमेकांत बोलायला नको? आपल्यापैकी प्रत्येकाच्या टेबलावर दर आठवड्याला वरून आलेला एखादा आकडा येतो आणि ‘हा तसाच टाका’ म्हणून सांगितलं जातं. पण तेवढा भाग वगळून, पहिल्या प्रेसनोटचा जनक म्हणून फोटो दाखवायचा आणि पुढची स्लाइड.

कालच्या वक्त्याने तर कहर केला. एका मोहिमेचं यश दाखवताना त्याने मिळालेल्या कव्हरेजची किंमत जाहिरातीच्या दराने काढून सांगितली. इतके कॉलम, इतक्या सेंटिमीटरची जागा, जाहिरात दिली असती तर इतका खर्च. २०१० साली बार्सिलोनात याच व्यवसायातल्या लोकांनी एकत्र येऊन मोजमापाची तत्त्वं ठरवली आणि त्यांत स्पष्ट म्हटलंय की जाहिरातीच्या दराशी केलेली ही तुलना म्हणजे जनसंपर्काचं मोल नाही. त्यानंतर त्या तत्त्वांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, तरी ही भूमिका बदललेली नाही. मी ऑफिसात साहेबांशी याच गोष्टीवरून दर तिमाहीला भांडतो. कात्रणांची जाडी मोजू नका, लोकांचं मत बदललं का ते पाहू या, म्हणून घसा कोरडा करतो. आणि आमच्याच व्यासपीठावरून आमचाच माणूस तो आकडा अभिमानाने दाखवतो. समोर बसलेल्या तीन-चार कंपन्यांच्या मालकांनी माना डोलावल्या. आता मी उद्या कुठल्या तोंडाने भांडू?

हे सगळं एक वेळ पोटात घातलं असतं. पण जे घालता येत नाही ते आता सांगतो.

माझ्या टेबलावर एक मुलगी होती. या कामात तिला दीड वर्ष झालंय. जेवणाला तिने हात लावला नाही. समोर एक छोटी वही, त्यात प्रश्न लिहून आणलेला, नीट सुवाच्य अक्षरात, दोनदा खाडाखोड करून. मी शेजारी होतो म्हणून मला दिसला. ती जिथे काम करते तिथे एक अपघात झाला होता, एक कामगार गेला. तिने वरून आलेल्या आदेशाप्रमाणे प्रेसनोट पाठवली. घरच्यांना कळवलंय असं तिला सांगण्यात आलं होतं. कळवलेलं नव्हतं. त्या माणसाच्या बायकोला नवरा गेल्याचं टीव्हीवर कळलं. मुलीने वहीत लिहिलं होतं, ‘घरच्यांना कळवलं आहे याची खात्री मी स्वतः करायला हवी होती का? साहेबांच्या शब्दावर शंका घेणं माझ्या कामात बसतं का?’

भाषण संपत आलं तसा तिने हात वर केला. वक्ता तेव्हा ‘दुतर्फा संवाद’ या विषयावर होता. १९८४ साली ग्रुनिग आणि हंट या अभ्यासकांनी जनसंपर्काची चार प्रारूपं मांडली, त्यातलं शेवटचं आणि सगळ्यात उत्तम म्हणजे ज्यात दोन्ही बाजू एकमेकींचं ऐकतात आणि दोन्ही बदलतात. पडद्यावर दोन बाण, एक इकडून तिकडे, एक तिकडून इकडे. तिचा हात वरच. सूत्रसंचालकाने तिच्याकडे पाहिलं, मी पाहिलंय त्याने पाहिलेलं. आणि वेळ संपल्याचं जाहीर केलं. मागे पडद्यावर ते दोन बाण तसेच होते. मग समूहफोटोसाठी मात्र दहा मिनिटं सगळ्यांना थांबवून ठेवलं. फोटोला वेळ आहे! प्रायोजकाच्या माणसाने आपलं कव्हरेज मोजायचं सॉफ्टवेअर किती चांगलं आहे हे सांगायला सात मिनिटं घेतली, त्यालाही वेळ आहे. एका माणसाच्या मृत्यूचं ओझं घेऊन आलेल्या मुलीच्या दोन वाक्यांना वेळ नाही.

तिने वही बंद करून पर्समध्ये टाकली. लोकांना वाटतं असली माणसं नंतर कुणाला तरी विचारतात. नाही विचारत. परत येतच नाहीत.

आम्ही चौघे लिफ्टपाशी तिला गाठून उभे राहिलो. लिफ्ट तीनदा आली आणि गेली. आमच्यात एक निवृत्तीला आलेल्या बाई होत्या, मोठ्या कारखान्यांत आयुष्य गेलेल्या. त्यांनी तिला सांगितलं, ‘हो, तुझ्या कामात बसतं. घरच्यांशी कोण बोललं, किती वाजता बोललं, त्या माणसाचं नाव मला द्या, असं विचारायचं. नाव मिळत नसेल तर कुणी बोललेलं नाही असं समजायचं.’ तोवर फक्त होल्डिंग स्टेटमेंट द्यायचं. घटना घडली आहे, मदत सुरू आहे, पुढची माहिती अमुक वाजता देऊ. मृताचं नाव नाही, ओळख पटेल असं काही नाही, कारणाबद्दल अंदाज नाही. दुसऱ्याने सांगितलं की त्याने हीच अट साहेबांकडून शांततेच्या काळात लेखी मंजूर करून घेतली आहे, कारण अपघाताच्या रात्री कुणी ऐकत नसतं. मग बाई म्हणाल्या, ‘माझ्याकडूनही एकदा असंच झालंय,’ आणि ते कसं झालं ते त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी रडली. पण नंतर तिने वही काढली आणि भिंतीला टेकवून लिहून घेतलं.

वीस-पंचवीस मिनिटं. इतक्या वर्षांत मी हॉलमध्ये बसून जेवढं शिकलो त्यापेक्षा जास्त त्या लिफ्टपाशी ऐकलं. त्या बाई गेली कित्येक वर्षं या कार्यक्रमांना येतात. त्यांना एकदाही बोलायला बोलावलेलं नाही! का, तर त्यांचं पद मोठं नाही, नाव माहितीपत्रकावर शोभत नाही.

आयोजकांनो, मला तुमची मेहनत कळते. हॉल मिळवणं, वक्ता मिळवणं, प्रायोजक मिळवणं, हे सगळं तुम्ही नोकरी सांभाळून करता. पण वक्ता नसला तरी चालेल हो. जेवण आधी उरकू द्या. भाषण पंधरा मिनिटांचं ठेवा. ज्याच्या हातून काहीतरी चुकलंय आणि जो ते सांगायला तयार आहे असा माणूस उभा करा. सांगितलेलं त्या खोलीबाहेर जाणार नाही असं सगळ्यांकडून वदवून घ्या, फोन खाली ठेवायला सांगा, फोटोवाल्याला त्या दिवशी बोलावू नका. उरलेला सगळा वेळ प्रश्नांना. आणि पहिला माइक सगळ्यात नव्या माणसाकडे द्या.

आज दुपारी पुढच्या महिन्याचं निमंत्रण आलं. विषय, ‘संकटाचं संधीत रूपांतर’. खाली टीप, प्रश्नोत्तरं वेळेच्या उपलब्धतेनुसार. मी उत्तर पाठवलंय की लिफ्टपाशी भेटलेल्या त्या बाईंना बोलायला बोलावणार असाल तर माझं नाव धरा, नाहीतर कापा. अजून काही कळवलेलं नाही.