इम्पॅक्ट ड्रायव्हरने भिंतीत भोक का पडत नाही: वाकडहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरवरचा लेख वाचून तुम्ही १८ व्होल्टचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे टोले देत स्क्रू पिळणारी बॅटरीवरची मशीन, घेतलात. खोक्यावर १७० न्यूटन-मीटर लिहिलं होतं, पण वाकडच्या फ्लॅटमध्ये खिडकीवर पडद्याच्या रॉडसाठी एकही भोक धड पडलं नाही आणि दोन बिटं निळी पडून वाया गेली. पुढे शेजाऱ्यांच्या ५५० वॉटच्या वायरवाल्या मशीनने हॉलच्या भिंतीत फोटोसाठी मिनिटभरात भोक पडलं. म्हणून तुमचा निष्कर्ष असा, की कॉर्डलेसची जोडी (बॅटरीवरचं ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर) म्हणजे पैसे पाण्यात आणि घराला साधी मशीन पुरते.

तुमच्या रागातला एक भाग रास्त आहे. लेखात 'दोन्ही घ्या' असं लिहिलं, पण भिंतीचं काम या दोघांपैकी कोणाचं, हे स्पष्ट लिहायला हवं होतं. इम्पॅक्ट ड्रायव्हरचं तर ते नाहीच. निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही, कारण तुम्ही दोन वेगळ्या भिंतींची तुलना केली आहे.

आधी 'इम्पॅक्ट' या शब्दाचा घोळ. पुण्याच्या हार्डवेअर बाजारात, बोहरी आळीत जाऊन नुसतं 'इम्पॅक्टवाली मशीन द्या' म्हटलं, तर तीन वेगळ्या गोष्टींपैकी कुठलीही पुढे येऊ शकते. तिन्ही ठोके देतात, फक्त ठोक्याची दिशा आणि जोर वेगळा.

इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्ये एक जाड स्प्रिंग, एक फिरती हातोडी आणि एक ऐरण असते. स्क्रू जड जायला लागला की हातोडी मागे सरकते, ऐरणीच्या कानावरून सुटते आणि पुढचा कान गाठून तिला बाजूने टोला देते. असे टोले मिनिटाला तीन हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडतात, पण सगळे फिरवण्याच्या दिशेने. स्क्रू पिळायला हे उत्तम, शिवाय मनगटाला झटका बसत नाही. काँक्रीट मात्र पिळून फुटत नाही, ते समोरून ठोकून फोडावं लागतं. तुमचं बिट काँक्रीटवर नुसतं घासत राहिलं. टोकाचा कार्बाइडचा तुकडा पितळासारख्या मिश्रधातूने झाळलेला असतो. घासून तापला की ती झाळ मऊ होते आणि तुकडा हलतो किंवा गळून पडतो. निळा रंग हा बिटाचं पोलाद भाजल्याचा. ते १७० न्यूटन-मीटर खरे असतील, पण पिळायचे. भिंतीत शिरायला त्यांचा उपयोग शून्य.

इम्पॅक्ट ड्रिल म्हणजे शेजाऱ्यांची मशीन. तिच्यात दातेरी चकत्यांची जोडी एकमेकींवर घासते आणि बिट बारीक पुढे-मागे होतं. ठोके भरपूर पण हलके, आणि तुम्ही जितकं रेटाल तितकाच त्यांचा जोर. विटेत, ब्लॉकमध्ये, गिलाव्यात ती छान चालते. तिसरी रोटरी हॅमर, जिला कारागीर नुसतं 'हॅमर' म्हणतात. तिच्यात पिस्टन हवेची उशी दाबतो आणि ती हवा आतला ठोकळा बिटाच्या मागच्या टोकावर आदळवते. दोन-तीन किलोंच्या मशीनचा ठोका साधारण दोन ते तीन ज्यूलचा (ज्यूल म्हणजे ठोक्याची ऊर्जा) असतो आणि तो तुमच्या रेट्यावर अवलंबून नसतो. खरेदी करताना वॉट नव्हे, ज्यूल वाचा. वॉट म्हणजे मशीन वीज किती खाते, एवढंच.

आता तुमच्या दोन भिंती. हॉलची भिंत बहुधा एएसी ब्लॉकची, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या ठोकळ्यांची असावी, ज्याला पुण्यात अजूनही सर्रास सिपोरेक्स म्हणतात. खिडकीच्या वर मात्र लिंटेल असतं, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट. त्याची उंची साधारण १५० मिमी असते आणि ते खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत सुमारे तेवढंच आत शिरलेलं असतं. पडद्याचा ब्रॅकेट आपण नेमका तिथेच लावतो! म्हणून बाकी घरात लोण्यासारखी चालणारी मशीन खिडकीवर अडते. शेजाऱ्यांची ५५० वॉटची मशीन तिथे लावलीत तर तीही रडवेल. जुन्या पेठांतल्या विटांच्या इमारतींतही खिडकीवर हाच प्रकार असतो. मिव्हान पद्धतीने, म्हणजे साच्यांत काँक्रीट ओतून बांधलेल्या टॉवरमध्ये तर बहुतेक सगळ्या भिंती काँक्रीटच्याच.

अंदाज बांधण्यापेक्षा पूड बघा. भोकाखाली कागद धरा आणि गिलाव्याचे पहिले १२-१५ मिमी सोडून पुढे काय पडतं ते पाहा. लाल पूड म्हणजे वीट. पांढरट, हलकी, मऊ पूड म्हणजे ब्लॉक. राखाडी, पिठासारखी बारीक पूड आणि बिट पुढेच सरकत नाही, म्हणजे काँक्रीट. तिथे लगेच थांबा. ब्लॉकमध्ये उलट काळजी घ्यायची: ठोके बंद ठेवून नुसतं फिरवा. ठोक्यांनी भोक मोठं होतं आणि गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकतो तो प्लग) सैल बसते. साध्या ३० मिमी गिट्टीचा अर्धा भाग गिलाव्यातच राहतो, म्हणून ब्लॉकमध्ये ५०-६० मिमी लांब नायलॉनची गिट्टी वापरा.

मग घराला कॉर्डलेस कशाला? भिंतीतली भोकं हे घरकामातलं थोडं काम आहे, स्क्रू हे खूप मोठं. तिथे ठरावीक जोराला पिळणं थांबवणारा क्लच लागतो, आणि तो ना शेजाऱ्यांच्या मशीनला आहे ना तुमच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरला. मॉड्युलर किचनच्या बिजागरीचा स्क्रू साडेतीन मिमी जाड आणि १६ मिमी लांब असतो, पार्टिकल बोर्डात बसवलेला. इम्पॅक्ट ड्रायव्हरचा ट्रिगर निमिषभर जास्त दाबला गेला, की आटे बोर्डाचा भुगा करतात आणि स्क्रू जागच्या जागी फिरत राहतो. कॉर्डलेस ड्रिलवर क्लचची रिंग ३ किंवा ४ वर ठेवा, गिअर १ वर. डोकं टेकलं की कट-कट आवाज येतो आणि पिळणं थांबतं. आधीच सैल झालेल्या भोकात अगरबत्तीच्या दोन-तीन रिकाम्या काड्या फेव्हिकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, वर आलेलं कापा आणि मग स्क्रू हलक्या क्लचवर बसवा.

त्याच बिजागरीच्या स्क्रूचं डोकं जवळून बघा. मुख्य चौफुलीच्या मधल्या कोपऱ्यांत चार बारीक रेघा दिसल्या तर तो पोझीड्राइव्ह आहे, त्याला पीझेड-२ बिट लागतं. काळ्या जिप्सम स्क्रूला रेघा नसतात, त्याला पीएच-२. दोन्ही बिटं डब्यात शेजारी असतात आणि सारखीच दिसतात. चुकीचं लावलं की ते उसळी मारून बाहेर येतं आणि डोक्याची खाच खाऊन टाकतं. दोष मात्र मशीनला जातो.

इम्पॅक्ट ड्रायव्हर परत करायची गरज नाही. लोखंडी रॅकचे नटबोल्ट, गॅलरीच्या पत्र्याचे सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू, पलंगाच्या चौकटीचे तीन इंची स्क्रू, गंजून बसलेले बोल्ट, ही सगळी त्याचीच कामं. सागवानात ८ नंबरच्या स्क्रूसाठी आधी तीन मिमीचं भोक पाडा, नाहीतर काठ चिरतो. नटबोल्टचे पाने (सॉकेट) काळे, इम्पॅक्टचे घ्या. चकचकीत क्रोमचे पाने टोल्यांनी तडकतात. कानात बोळे हवेतच, बंद खोलीत याचा आवाज फार होतो.

आता फक्त एक कॉर्डलेस ड्रिल घ्या, हातोडीचं चिन्ह असलेलं, बॅटरीशिवाय नुसती मशीन. बॅटरी तुमच्याकडे आहेच, पण जुळते का ते दुकानात लावून बघा. बॉशच्या निळ्या आणि हिरव्या मशीनच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकींना चालत नाहीत. मकिताच्या जी मालिकेच्या आणि एलएक्सटी मालिकेच्याही नाहीत. '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेलं पाहून जास्त पैसे मोजू नका. आत तेच पाच सेल असतात, १८ हा चालताना धरायचा आकडा आणि २० पूर्ण चार्जचा. ४८ किंवा ८८ असे आकडे छापलेल्या स्वस्त मशीनवर व्होल्टऐवजी वॉट-तास शोधा. १८ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास, घराला पुरेसे. लिहिलेच नसतील तर ती मशीन ठेवून द्या. बॅटरी एप्रिल-मेमध्ये गाडीत विसरू नका, आणि महिनोन्महिने ठेवायची असेल तर अर्धी भरलेली ठेवा.

वर्षाकाठी चार फोटो टांगण्यापलीकडे काही करायचं नसेल, तर तुमचं म्हणणं मला मान्य आहे: वायरवाली मशीन पुरते.

राहिली खिडकी. ती थेट बीमखाली नसेल, तर ब्रॅकेट खिडकीच्या वरच्या कडेपासून २०० मिमी वर नेऊन पाहा, बहुधा ब्लॉक लागेल. बीमच असेल, तर एसडीएस प्लस चकची (खाचा असलेलं बिट धरणाऱ्या पकडीची) हॅमर एका दिवसासाठी भाड्याने आणा. जागेवर पंचाने खूण करा, चष्मा लावा. ६ मिमीचं बिट लावून ४५ मिमीवर चिकटपट्टीची खूण करा, सावकाश सुरुवात करा आणि मधे दोनदा बिट बाहेर काढून पूड झाडा. धातूचा खणखणाट आला आणि पूड थांबली, तर सळई लागली. रेटू नका, ब्रॅकेट २५-३० मिमी सरकवा. छतात तर हे फार लवकर होतं, कारण स्लॅबच्या सळयांवर काँक्रीटचं आवरण २० मिमीच्या आसपासच असतं. गिट्टी हातोडीने भिंतीच्या पातळीला बसवा, आणि स्क्रू ड्रिलवर क्लच ८-१० ठेवून आवळा. शेवटचा अर्धा फेरा हाताच्या स्क्रू-ड्रायव्हरने द्या. इम्पॅक्ट ड्रायव्हर इथे लावलात तर गिट्टीच भोकात फिरू लागेल.