सामरी, मोरी आणि आत्ये

मालवणात पावसाळ्यात भयपट बघायला फारसं भांडवल लागत नाही. बाहेर धो धो पाऊस, कौलांवर माडाच्या झावळ्यांची आपटाआपटी, मधूनच वीज गायब, पार्श्वसंगीत फुकट. यंदा पुतण्या मुंबईहून लॅपटॉपवरचं ऑफिस घेऊन आला, त्यासोबत जुन्या भयपटांनी गच्च भरलेली हार्ड डिस्कही. "काका, हे क्लासिक आहेत, बघायलाच हवेत," म्हणाला. बघू की. सिनेमांचं मला काही वाटलं नसतं, पण ते आत्येच्या शेजारी बसून बघायचे होते.

आत्ये ऐंशीच्या घरातली. तिच्या लेखी प्रत्येक भुताला हद्द असते, वार असतो आणि ठरलेली मागणी असते. राखणदाराला नारळ, देवचाराला रोट आणि विडी. वेळच्या वेळी दिलं की वर्षभर कटकट नाही. तिची ही घडी विलायती भुतांनी पार विस्कटली.

पहिला मान 'द एक्झॉर्सिस्ट'चा (१९७३). पलंग हवेत उडाला, भूत लागलेल्या पोरीची मान गरकन फिरली, हिरवी ओकारी झाली. ती वाटाण्याच्या सुपाची होती हे पुतण्यानं सांगितल्यावर मला जास्तच मळमळलं. पात्रांच्या तोंडून वाफ निघावी म्हणून म्हणे ती खोली खरोखरच गारठवली होती. मी उशी पोटाशी धरून बसलेलो. आत्ये मात्र चिडलेली. "दोन पाद्री इले, पाणी शिंपडल्यानी, बोंबलले. पण 'तुका होया काय?' ह्या एकान तरी इचारल्यान? देवळात नेऊन गाऱ्हाणा घातला असता तर अर्ध्या तासात काम झाला असता!"

'जॉज'ची (१९७५) गंमत अशी की त्यातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा. म्हणून स्पीलबर्गनं तो बराच वेळ दाखवलाच नाही आणि न दिसणाऱ्या माशालाच लोक जास्त घाबरले. शेवटी तो एकदाचा वर आला, तर शेजारून आनंदाची आरोळी. "मोरी! केदी मोठी गो!" (मोरी म्हणजे आमच्याकडे शार्कच.) बोटीवरचा माणूस कमरेपर्यंत माशाच्या तोंडात गेला, तेव्हा आत्ये कालवणाच्या वाटपाला किती नारळ लागतील याच्या हिशोबात होती. मग स्वतःच म्हणाली, "पण इतकी जून मोरी शिजाची नाय." विषय संपला.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मधली (१९६८) मढी खुरडत खुरडत घराकडे आली, तेव्हा मीच हसलो. चतुर्थीच्या गाडीतून रात्रभर उभ्यानं आलेले चाकरमानी कुडाळला उतरून असेच चालतात.

खरी धास्ती 'पुराना मंदिर'ची (१९८४). शाळेत असताना त्याचं पोस्टर लागलेल्या भिंतीवरून मी मान खाली घालून जायचो. त्यातला राक्षस सामरी, म्हणजे ते काम करणारे अनिरुद्ध अगरवाल, मूळचे इंजिनियर, ही माहितीही माझ्या काही उपयोगाची नाही. ते डोळे बघून कुणाला डिग्री आठवते? सामरीचं धड एकीकडे पुरलेलं, मुंडकं दुसरीकडे पेटीत. आत्येचं मत पडलं, "वाटणी बरोबर करूक नाय."

पण तिला हादरवलं ते श्रेयनामावलीनं. सिनेमा काढणारे रामसे हे सात भाऊ. कुणी लिहायचा, कुणी दिग्दर्शन, कुणी कॅमेरा, कुणी ध्वनी, असं पुतण्या सांगत होता. आत्ये ताठ बसली. "सात भाव? एकाच धंद्यात? नि कोर्टात कोण गेलो नाय?" आमच्या परड्यातल्या हद्दीवरच्या फणसाची केस पुतण्याहून वयानं मोठी आहे. "नावां परत दाखय," म्हणाली. सामरीपेक्षा अविश्वसनीय गोष्ट त्या सिनेमात हीच होती, हे मलाही पटलं.

रात्री मागीलदारी जाणं मात्र माझ्या वाट्याला. आमचा संडास परड्याच्या टोकाला. हातात बॅटरी, पायाखाली शेवाळलेले चिरे आणि आतापर्यंत किरकिरणारे रातकिडे नेमके माझ्यासाठी गप्प. त्यात झावळ पडते. आधी वर कुठंतरी करर्र होतं, मग काहीच नाही, मग धप्प. त्या मधल्या 'काहीच नाही'त माणूस सगळे देव आठवून घेतो. शेवटी पन्नाशीतल्या मी आत्येला दारापर्यंत सोबत मागितली. ती आली आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात दर मिनिटाला विचारत राहिली, "झाला काय रे?" भूत परवडलं असतं.

शेवटी 'सायको' (१९६०). न्हाणीघरातल्या खुनातलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप, कृष्णधवल असल्यामुळे खपून गेलेलं. आत्येला त्याचं काही नाही. तिचं लक्ष त्या मोटेलकडे. १२ खोल्या, १२ही रिकाम्या, कारण नवा हायवे दुसरीकडून गेलेला! कणकवलीत उड्डाणपूल झाल्यापासून तिच्या भाच्याच्या खानावळीची गिऱ्हाइकं डोक्यावरून जातात. "धंदो बसलो काय पोराचा डोक्या फिरताच," ती कळवळून म्हणाली. पण पुढे त्या मोटेलवाल्या पोराची आई कधीच मेलेली आहे आणि तिच्या आवाजात पोरगाच बोलतोय, हे उघड झालं (इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नसावी) आणि आत्ये पहिल्यांदाच गप्प झाली. नारळ द्यायचा तरी कुणाला?

पर्यटकांसाठी आमच्याही दोन खोल्या आहेत. परवा पुण्याहून एका तरुणाचा फोन आला. तो आणि त्याची आई, दोघंच येणार होते. फोन आत्येनं घेतला.

"आईंका जरा फोन द्या बघू," ती म्हणाली. पलीकडून बाईचा आवाज आला असावा. आत्येनं माझ्याकडे बघितलं, मग फोन तोंडाशी धरला.

"नाय नाय, नुसतो आवाज नको. व्हिडिओ लावा."