बाँड? अंगरक्षक म्हणून? नको रे बाबा!

सिनेमातला कोणता हीरो अंगरक्षक म्हणून सर्वात चांगला, याची यादी देणाऱ्या लेखात जेम्स बाँडला पहिला नंबर दिलाय, तो काही पटला नाही. त्याच्या सोबतीला आलेल्यांचं काय होतं ते आठवा. १९६९च्या चित्रपटात लग्न लागून काही तास होत नाहीत तोवर त्याची बायको गाडीतच गोळीला बळी पडते. अंगरक्षकाचं काम मारामारी जिंकणं नव्हे, मारामारी होऊच न देणं.

या हिशेबाने माझं मत १९९१च्या चित्रपटातल्या टर्मिनेटर या यंत्रमानवाला. झोप नाही, जेवण नाही, समोरून गोळ्या आल्या की ज्याला जपायचं त्या पोराला पाठीशी घालून स्वतः झेलतो. खोट एकच, दहा वर्षांच्या पोराचा हुकूम त्याला मोडता येत नाही. आईला सोडवायला जाणं धोक्याचं आहे हे कळत असूनही निघतोच!

माणसांत म्हणाल तर १९९२च्या 'द बॉडीगार्ड'मधला, एका गायिकेचा अंगरक्षक फ्रँक फार्मर. खोटं नाव सांगूनही तिच्या घराचं गेट उघडतं, हे तो पहिल्याच भेटीत दाखवून देतो. पुढे तिच्याच प्रेमात पडतो, तिथे मात्र मार्क कापले. (आपला हिंदी 'बॉडीगार्ड'मधला सलमानचा लव्हली सिंग तर ड्युटीवर असताना फोनवरच्या आवाजाच्या प्रेमात पडला, त्याचं नावच काढू नका.)

रॅम्बोला यादीत कोणी घातलं पण? जंगलात ठीक आहे, लग्नाच्या हॉलमध्ये काय करणार तो?