शुगरच्या गोळीचे २५ लाख कुणालाच मिळत नाहीयेत, तो फॉर्म भरू नका

गेल्या पंधरा दिवसांत हा एकच मेसेज मला अकरा जणांनी पाठवला, त्यातले चार माझेच गिऱ्हाईक. अमळनेरला माझं छोटं मेडिकल आहे, डी.फार्म करून काउंटरवर बसलोय, वकील नाही, पण आता रोज तेच तेच बोलून घसा बसला म्हणून एकदाच लिहितो.

मेसेज थोडक्यात असा: पायोग्लिटाझोन असलेली शुगरची गोळी खाल्लेल्या प्रत्येकाला २५ लाख भरपाई. अमेरिकेत कोर्टाने कंपनीला ९ अब्ज डॉलर भरायला लावले. भारतात ही गोळी बॅन आहे. बिल, चिठ्ठी काही नको, आधार नि रिकामी स्ट्रिप चालते. १,१०० रुपये रजिस्ट्रेशन, पैसे आले की ३० टक्के आमच्या वकिलाचे. महिनाअखेर शेवटची तारीख. आणि खाली लाल अक्षरात, गोळी आजच बंद करा.

ही खालची ओळ आधी घेतो कारण बाकी सगळ्यात फक्त पैसा जातो, हिच्यात माणूस जाईल. आमच्या शेजारचे नाना स्ट्रिप घेऊन दुकानात आले, "भो, हाऊ फॉर्म भरी देऊ का रे, पैसा भेटतीन का?" म्हटलं नाना, गोळी चालू आहे ना, तर म्हणे आठ दिवस झाले सोडून. तिथंच मीटरवर बोट टोचलं, शुगर ३१२, म्हणजे खूपच वाढलेली. त्यांच्या गोळीत पायोग्लिटाझोन एकटं नाहीये, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनपण त्यातच आहे, तीन औषधांची मिळून एक गोळी, आपल्याकडे अशा गोळ्या धडाक्यात चालतात. म्हणजे एक औषध सोडायच्या नादात तिन्ही सुटली. गोळी बदलायची असेल तर डॉक्टरकडे जाऊन बदला, फॉरवर्ड वाचून नाही.

आता ते ९ अब्ज. आकडा खोटा नाहीये, म्हणूनच लोक फसतात. एप्रिल २०१४ ला लुईझियाना राज्यात लाफाएत इथं ज्युरीने टाकेडाला, म्हणजे ही गोळी मुळात बनवणाऱ्या जपानी कंपनीला, ६ अब्ज आणि तिची भागीदार एली लिलीला ३ अब्ज डॉलर दंड सुनावला होता, एका माणसाच्या केसमध्ये, त्याला मूत्राशयाचा कॅन्सर झालेला. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जजनेच ती सगळी रक्कम ३ कोटी ७० लाख डॉलरच्याही खाली आणून ठेवली, हे फॉरवर्डवाला सांगत नाही. मग २०१५ ला टाकेडाने, चूक कबूल न करता, सुमारे ९ हजार दावे मिटवायला २.४ अब्ज डॉलरपर्यंत द्यायची तयारी दाखवली. हे दावे अमेरिकेतल्या कोर्टात आधीच लागलेले, कॅन्सर झालेल्यांचे. 'गोळी खाल्लेल्या प्रत्येकाला' त्यात कुठंच नाहीये. आणि आपण खातो ती गोळी बहुतेक भारतीय कंपन्यांची जेनेरिक, टाकेडाची नाहीच. रावेरच्या महसूल मंडळात विम्याला लागतो तो थंडीचा आकडा बसला म्हणून पारोळ्याच्या केळीला विमा लागत नाही, हे खान्देशात कुणाला शिकवायला लागतं का, मग इथंच डोकं कुठं गेलं?

बॅनचं म्हणाल तर १८ जून २०१३ ला केंद्राने औषध कायद्याच्या कलम २६अ खाली गोळी थांबवली होती, खरं आहे. ३१ जुलैला ती बंदी उठवली, दीड महिना पण नाही झाला. मात्र चौकटीतला इशारा छापायची अट घातली: शुगरचं पहिलं औषध म्हणून देऊ नये, मूत्राशयाचा कॅन्सर आहे किंवा होऊन गेलाय त्याला देऊ नये, तीन ते सहा महिन्यांनी फायदा होतोय का ते बघून मगच पुढं चालू ठेवावी. कॅन्सरशी संबंध किती घट्ट यावर अजून वाद आहे, २०१५ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात ठळक संबंध सापडला नाही, तरी २०१६ ला तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, धोका वाढू शकतो हा इशारा कायम ठेवला. तेव्हा लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, फॉर्मबिर्म नंतर.

'बिल नको' ही ओळ वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, आणि थोडी लाजपण वाटली, ती का ते सांगतो. कपाशीचं बियाणं उगवलं नाही तर आपला शेतकरी काय घेऊन भांडतो? पावती, पिशवी, टॅग, लॉट नंबर. औषधाचंही अगदी तसंच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ८२ ते ८७ हे उत्पादनामुळे झालेल्या इजेसाठीच आहेत, हा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, त्याच्या आधारे औषध कंपनीवर दावा करता येतो. पण सिद्ध तुम्हाला करायचंय की माल बनवतानाच खोट होती, किंवा मुळात रचनाच सदोष, किंवा धोका नीट सांगितला नाही, आणि इजा त्याच्यामुळंच झाली. कुठली कंपनी, कुठला बॅच, किती वर्षं खाल्ली, हे कागदावर नसेल तर समोरचा वकील दोन मिनिटात विचारेल की बाबा तुम्ही बिडी ओढता का, कारण बिडी-सिगारेट हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं मोठं कारण आहे. संपलं मग. लाज ह्याची की आम्ही मेडिकलवाले बिल देतो कुठं, गिऱ्हाईक मागत नाही आणि आम्हीपण कागद वाचवतो. बिलावर बॅच नंबर असतो, मागा, आम्ही तोंड वाकडं केलं तरी मागा.

अजून एक मेख आहे, ती कुणालाच माहीत नसते. कलम ८७ म्हणतं की माल जर तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायचा असेल आणि कंपनीने त्या तज्ज्ञाला इशारा पोचवायची वाजवी काळजी घेतली असेल, तर इशारा दिला नाही या मुद्द्यावर कंपनी सापडत नाही. चिठ्ठीवरची गोळी याच्यातच बसते. इशारा २०१३ पासून छापलेला, म्हणजे कंपनी म्हणणार आम्ही डॉक्टरला सांगितलं, आता डॉक्टरला विचारा. मग विषय हलगर्जीपणाचा होतो, आणि तिथंसुद्धा औषध वाईट आहे एवढं म्हणून भागत नाही. कोलकात्याची कुणाल साहांची केस बघा, त्यांच्या पत्नीला स्टिरॉइडचं असं इंजेक्शन दिवसातून दोनदा दिलं की ज्याचा एक डोस आठवडाभराच्या वर पुरतो, १९९८ ला त्या गेल्या. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सुमारे ६ कोटी भरपाई दिली. पंधरा वर्षं लागली, आणि नवरा स्वतः डॉक्टर होता.

३० टक्के वकिलाचे, ही अमेरिकेची पद्धत. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमात वकिलाला निकालाच्या पैशात हिस्सा ठरवता येत नाही, जाहिरातपण करता येत नाही. म्हणजे जो हिस्सा मागतोय नि वर जाहिरातपण करतोय तो एकतर वकील नाही नाहीतर नियम मोडणारा वकील, दोन्हीकडून तुम्हाला काय उपयोग.

शेवटच्या तारखेचं काय, तर ग्राहक कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे, ती ज्याच्या त्याच्या कारणापासून मोजतात, सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो. सगळ्या देशाला एकच महिनाअखेर अशी भानगड नाही.

खरंच कुणाला त्रास झाला असेल तर रस्ता वेगळा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहे, आपण अजून मंचच म्हणतो, राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनपण होते, मालाला मोजलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही. पण तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागेल, ते मिळवणं हीच खरी चढाई. त्याशिवाय साइड इफेक्टची नोंद सरकारी औषध सुरक्षा कार्यक्रमात करता येते, १८००-१८०-३०२४ ला फोन करा, फॉर्म मराठीतपण आहे. त्यातून पैसा मिळत नाही, नोंद होते, आणि पुढचे इशारे अशाच नोंदींवरून निघतात.

ज्यांनी १,१०० भरून टाकलेत त्यांनी आज १९३० ला फोन करा, सायबर फसवणुकीचा नंबर आहे तो, आणि आधार दिलं असेल तर त्याचं बायोमेट्रिक लॉक करा. आमच्या गल्लीतले दोघं भरून बसलेत, एक जण कबूल करतो, दुसऱ्याचं त्याच्या बायकोने सांगितलं.