रडून माफी मागितली की झालं?

आज परत तेच बघितलं आणि डोकं फिरलं. खोट्या सह्या करून घर लाटणारी, सुनेच्या दुधात काहीबाही कालवणारी सासू मालिकेच्या शेवटच्या भागात सुनेच्या गळ्यात पडून रडली आणि पुढच्याच प्रसंगात सगळं घर सत्यनारायणाला बसलेलं. सून तिच्याकडे बघून हसतेय. हसतेय!

बाई सुधारली याचा राग नाही. वाईट माणूस सुधारताना बघायला आपल्या सगळ्यांनाच आवडतं. राग याचा, की घरातल्या एकालाही शंका आली नाही.

माझ्या मामाने दारू सोडली, तेव्हा मी शाळेत होते. संध्याकाळी तो कामावरून आला की उंबऱ्याबाहेरच थांबायचा. आजीने विचारायच्या आधीच वाकून तिच्या तोंडापुढे श्वास सोडायचा. आजी वास घ्यायची आणि बाजूला व्हायची. दोघंही चकार शब्द बोलायचे नाहीत. दारू सुटून वर्षं झाली तरी हे चालूच होतं. त्याने ग्लास खाली ठेवला तो दिवस कुठला, हे आज घरात कोणाला सांगता येणार नाही. उंबरा मात्र सगळ्यांना आठवतो.

माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणाऱ्या अंगुलिमालाची गोष्ट म्हणूनच मला इतकी जवळची वाटते. आपण ती बुद्धांसमोर त्याने शस्त्र टाकलं तिथेच संपवतो. पण पुढे तो भिक्खू होऊन श्रावस्तीत भिक्षेला जातो. लोक त्याला ढेकळं, काठ्या, दगड मारतात. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र फुटलेलं, अंगावरचं चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, फाटलेलं, असा तो परत येतो. आणि बुद्ध त्याला काय सांगतात? सोस. हे तुझ्याच कर्माचं फळ आहे, ते इथेच भोगतो आहेस. पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघालेला राजा प्रसेनजितसुद्धा, शेजारी शांत बसलेला भिक्खू तोच आहे हे कळल्यावर घाबरतो. माणूस बदलला आहे, पण गावाने ते मानलेलं नाही. त्या मधल्या काळातच खरी गोष्ट घडते, आणि आपले लेखक नेमका तोच काळ कापून टाकतात.

मामाला लग्नकार्यात कोणी पैशाला हात लावू द्यायचं नाही. मावसबहिणीच्या लग्नात मामीने घाईघाईत आहेराची पाकिटं भरलेली पिशवी त्याच्या हातात दिली आणि ती पंगतीकडे गेली. बहुतेक तिच्या लक्षातही आलं नसेल. मामा ती पिशवी छातीशी धरून खुर्चीवर बसून राहिला, जेवायलासुद्धा उठला नाही. हे लिहितानाही मला भरून येतंय.

चॅनेलने मालिका गुंडाळा म्हटलं की लेखकाच्या हातात फारसे भाग उरत नाहीत, हे मान्य. पण सासूने आणून दिलेलं दूध सुनेने न पिता बाजूला सरकवलं, एवढं दाखवायला किती वेळ लागतो? एक प्रसंग! तोही नाही?

आणि बदलाचं कारण काय, तर अपघात झाला आणि सुनेने रक्त दिलं. अरे, आपल्याकडे वाल्या कोळ्याची गोष्ट आहे! माउलींची पालखी ज्या वाल्ह्यात मुक्कामाला थांबते, ते गाव त्याचंच मानतात. सगळ्यांना रामनाम आणि वारूळ आठवतं. पण तो हलतो कशाने? ज्या बायकोपोरांसाठी वाटमारी केली, खड्यांनी रांजण भरले, त्यांनाच तो विचारतो, माझ्या पापात वाटेकरी व्हाल का? ती नाही म्हणतात. ज्यांच्या मायेपोटी तो खून करत होता, त्यांच्याच नकाराने तो मोडला. कारण बाहेरून आणून चिकटवलेलं नाही.

फक्त एक गोष्ट मला कायम खटकत आली आहे. तप संपवून तो घरी गेला असता, तर त्या बायकोने दार उघडलं असतं? मुलं त्याच्याजवळ गेली असती? मला ती कथा वाचायची आहे, तिच्या बाजूने लिहिलेली. कोणी लिहिली असेल तर कमेंटमध्ये नाव टाका, आणि नसेल तर तुमच्यापैकी कोणीतरी खरंच लिहा.