खटला भरायचा, पण कुठल्या कलमाखाली?

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी देशद्रोही ठरतंच. कधी एखादा नट, कधी प्राध्यापक, कधी क्रिकेटच्या सामन्यात भलत्याच बाजूने टाळ्या वाजवणारं पोरगं. 'खटला भरा, आत टाका' ही आरोळी पुण्यापेक्षा न्यू जर्सीतून जास्त जोरात येते, हे आणखी एक नवल. आणि तिच्या मागोमाग ठरलेलं वाक्य: 'हाच अमेरिकेत असं बोलला असता ना, तर दुसऱ्या दिवशी गजाआड असता.'

नसता. इथे अमेरिकेत राहून हे वाक्य लिहिणाऱ्यांचं मला म्हणूनच आश्चर्य वाटतं.

आरडाओरडा इथेही कमी नाही. २०१८ मध्ये आपल्या भाषणाला विरोधी सदस्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, तर याला देशद्रोह म्हणायला काय हरकत आहे, असं खुद्द ट्रम्प ओहायोतल्या सभेत म्हणाले होते. पण खटला कुणावर झाला नाही, कारण होऊच शकत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेने स्वतः व्याख्या करून दिलेला गुन्हा एकच, आणि तो हाच. देशाविरुद्ध युद्ध पुकारणं किंवा शत्रूला सामील होऊन त्याला मदत करणं, बस. तिसरा प्रकार नाही. शिवाय त्याच एका उघड कृत्याचे दोन साक्षीदार हवेत, नाहीतर आरोपीने भर कोर्टात कबुली द्यायला हवी. घटना लिहिणारी मंडळी ब्रिटिश राजाच्या लेखी काही वर्षांपूर्वीपर्यंत स्वतःच देशद्रोही होती. सत्ताधाऱ्याच्या हातात हा आरोप सैल सोडला की काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

ही अट किती कडक, ते क्रेमर खटल्यात दिसतं. १९४२ च्या जूनमध्ये जर्मन पाणबुड्यांनी घातपातासाठी आठ जणांना अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरवलं. त्यातले दोघे न्यू यॉर्कमध्ये अँथनी क्रेमरला भेटले. क्रेमर मूळचा जर्मन, नंतर अमेरिकन नागरिक झालेला, आणि दोघांपैकी एक त्याचा जुना दोस्त. तिघे एकत्र प्यायले, बराच वेळ बोलत बसले. एफबीआयची माणसं हे बघत होती, म्हणजे साक्षीदार होते. पण बोलणं काय झालं, ते त्यांना सांगता येईना. १९४५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी देशद्रोहाची शिक्षा रद्द केली: शत्रूबरोबर बसून पिणं म्हणजे शत्रूला मदत नव्हे. निकाल आला तेव्हा जर्मनीशी युद्ध चालूच होतं, हे लक्षात घ्या. क्रेमर सुटला असं नाही, दुसऱ्या हलक्या गुन्ह्याखाली तुरुंगात गेलाच. पण जो गुन्हा सिद्ध झाला, त्याचीच शिक्षा.

दोन देशांत पाय असलेल्यांनी कावाकिताचं प्रकरणही वाचावं. कॅलिफोर्नियात जन्मलेला हा मुलगा युद्धकाळात जपानमध्ये होता, युद्धकैद्यांच्या छावणीत दुभाष्या म्हणून, आणि अमेरिकन कैद्यांना त्याने छळलं. युद्धानंतर अमेरिकेत परतला आणि लॉस एंजेलिसच्या एका दुकानात एका माजी कैद्याने त्याला ओळखलं. 'मी तेव्हा जपानी झालो होतो' हा बचाव टिकला नाही. १९५२ मध्ये मृत्युदंडाची शिक्षा कायम झाली, आयझेनहॉवर यांनी तिची जन्मठेप केली, आणि केनेडींनी त्याला कायमचं जपानला जाण्याच्या अटीवर सोडलं. इथे मात्र कृत्यं होती, मारहाण झालेले साक्षीदार होते.

अमेरिकेचे गोडवे गायचा हेतू नाही. युद्धविरोधी भाषणासाठी समाजवादी नेते युजीन डेब्स यांना १९१८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा याच देशात झाली, हेरगिरीच्या कायद्याखाली. समोरचं दार अरुंद ठेवून मागचं उघडायची कला यांनाही येते.

आता आपल्याकडे. सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याचं कलम भारतातही आहेच. पूर्वी भारतीय दंड संहितेत १२१, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत १४७. कसाब त्याखाली दोषी ठरला, आणि त्यावर कुणाची तक्रार नव्हती. ग्रुपवरची मंडळी मागतात ते वेगळंच: शिक्षा युद्धाच्या गुन्ह्याची आणि पुरावा एका भाषणाचा.

ही सोय इंग्रजांनी केली. १८९७ मध्ये टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती, असा अर्थ लावला आणि टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. हा खटला ज्याखाली चालला, ते राजद्रोहाचं १२४-अ कलम स्वतंत्र भारताने ठेवून घेतलं. १९६२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या केदारनाथ निकालाने त्याला लगाम घातला: हिंसेला चिथावणी किंवा सुव्यवस्था बिघडवण्याचा कल असेल, तरच गुन्हा. पण तो लगाम कोर्टात, पोलीस ठाण्यात नव्हे. २०१२ मध्ये मुंबईत असीम त्रिवेदी हा व्यंगचित्रकार चित्रांपायी याच कलमाखाली आत गेला होता.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ स्थगित ठेवलं. जुलै २०२४ पासून ते गेलं आणि कलम १५२ आलं. सरकारबद्दलची अप्रीती त्यात नाही, ही सुधारणा मी मान्य करतो. पण फुटीर कारवायांच्या 'भावनांना' उत्तेजन देणं आहे, इलेक्ट्रॉनिक माध्यम आहे, पैशांचा वापर आहे, आणि जन्मठेप नसेल तिथली कमाल कैद तीनावरून सात वर्षांवर गेली आहे. शिवाय ही संहिता भारतीय नागरिकाला परदेशातही लागू होते. म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बसून भारतीय पासपोर्टवर मेसेज फॉरवर्ड करणारा तिच्या कक्षेत येतो. ज्यांनी अमेरिकन पासपोर्ट घेतला, त्यांना ही काळजी बहुतांशी नाही, आणि आरोळी ठोकण्यात तेच पुढे असतात.

धोरणांवरच्या टीकेबद्दल कलमाखाली स्पष्टीकरण जोडलंय, असं मला सांगितलं जातं. तसं ते १२४-अ खालीही होतं, आणि तरी १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षं झाली. दोन साक्षीदारांची अट आपल्याकडे येईल असं मी म्हणत नाही. पण शब्दांसाठी कुणाला उचलायचं असेल, तर त्या शब्दांनी कुठली हिंसा, कुठे आणि कुणाच्या हातून घडली किंवा घडणार होती, एवढं तरी पोलिसांनी अटकेआधी एफआयआरमध्ये लिहावं.